कल्हईची चमक, पण कथील कुठलं?

सोलापूरला गेले की आजीच्या फळीवरची पितळी पातेली ढापायची, हा माझा फंडा! पण चिंचेची आमटी उकळायची तर आत कल्हई हवीच, नाहीतर ती कळकते. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील कापसाने फिरवतो. झाला आरसा!

गोची कथिलातच आहे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. स्वस्त शिसं मिसळलं तर १८३ पासूनच. काम सोपं, चमक जवळपास तीच, आणि शिसं थेट आमटीत! मुलांच्या मेंदूला ते फार वाईट, सुरक्षित मात्रा अशी नाहीच.

कांडी कानाशी वाकवून बघा. शुद्ध कथील करकरतं, शिसं गप्प. अर्थात थोडी भेसळ लॅबच पकडणार. मी कांडी बिल घेऊनच आणते आणि कल्हईवाल्या काकांच्या हातात देते.