टीएमटीचा (ट्रेडमिल चाचणीचा) निकाल लागलाच नाही तर?
ट्रेडमिलवर गुडघे बोलू लागले, नाडी हव्या त्या वेगापर्यंत गेलीच नाही आणि रिपोर्टवर शेरा पडला: 'अनिर्णित'. अशा वेळी लगेच मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी करण्याआधी सीटी अँजिओग्राफीचा विचार होतो. नाडी साठीच्या आसपास आणायला गोळी, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य (अंगभर ऊब पसरते, घाबरू नये) आणि काही सेकंद श्वास रोखायचा. टीएमटी रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा शोधते; सीटीत धमनीच्या भिंतीतला, अजून वाट न अडवणारा थरही दिसतो. स्कॉटलंडमधल्या ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड मिळालेल्यांपैकी २.३ टक्क्यांना पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, इतरांत ३.९ टक्क्यांना. धमन्यांत कॅल्शियम फार साचले असेल, तर मात्र सीटीचे चित्र फसवे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अशा द्रव्याची अ‍ॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.