बुबुळाचा नकाशा

डोळ्याला चष्मा लागला म्हणजे डोळा अधू झाला, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. वास्तविक नंबर ही पुष्कळ वेळा ताकदीची नव्हे, तर आकाराची गोष्ट असते. डोळा किंचित लांबट असला तर दूरचे पुसट दिसते, आखूड असला तर जवळचे. असे दोष चष्म्याने निभावून जातात. पण एक आकारदोष असा आहे, की त्यात चष्मे बदलून बदलून घरची माणसे थकतात आणि नजर मात्र हातची जात राहते. डॉक्टर त्याला केरॅटोकोनस म्हणतात. तो वेळेवर कसा ओळखतात, ते आता पाहू.

आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो. शास्त्रीय भाषेत त्याला पारपटल म्हणतात. त्याची रुंदी साडेअकरा-बारा मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पण डोळ्यात शिरणारे किरण वाकवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम हेच पटल करते. निरोगी पटल चेंडूच्या कापासारखे गोलसर असते. केरॅटोकोनसमध्ये ते हळूहळू पातळ होते, आणि पातळ झालेली जागा पुढे फुगून शंकूसारखी बनते. १८५४ साली लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे.

हा विकार बहुधा कुमारवयात सुरू होतो, म्हणजे मूल शाळेत किंवा नुकतेच कॉलेजात असते तेव्हा, आणि पुढे कित्येक वर्षे वाढत राहतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. मुलाला अक्षराला अक्षराची सावली दिसते, रात्री दिव्याला शेपट्या फुटल्यासारखे वाटते. सिलिंडरचा नंबर दर सहा-आठ महिन्यांनी बदलतो, आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरची शेवटची ओळ स्पष्ट होत नाही. मग काय होते? मूल अभ्यासात कच्चे ठरते, किंवा चष्मेवाला वाईट ठरतो. पटलाच्या आकाराकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण सुरुवातीचा फुगवटा साध्या डोळ्यांना दिसतच नाही.

मग तो पाहावयाचा कसा? त्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. चकचकीत स्टीलची वाटी पालथी घालून खिडकीसमोर धरा. वाटीच्या पाठीवर खिडकीचे गज उमटतील. वाटीला पोचा नसेल तर गज एकसारखे वळलेले दिसतील. कोठे जरासा पोचा असला, की तेथे गज वेडेवाकडे होतील. पोचा बोटाला लागणार नाही, पण प्रतिबिंब त्याची चुगली करील. पटल ओले आणि चकचकीत असते, म्हणजे तीही एक वाटीच. १८८० साली पोर्तुगालच्या आंतोनियो प्लासिदो यांनी पांढऱ्या तबकडीवर एकात एक काळी वर्तुळे काढली, मध्यभागी भोक ठेवले, आणि त्या भोकातून समोरच्याच्या बुबुळावर पडलेले वर्तुळांचे प्रतिबिंब पाहिले. निरोगी डोळ्यात वर्तुळे गोल दिसतात. शंकू झालेल्या डोळ्यात ती अंड्यासारखी लांबट होतात आणि जेथे उतार तीव्र आहे तेथे एकमेकांजवळ दाटतात. गुरुजींना पुठ्ठ्याची अशी तबकडी शाळेत सहज करता येईल. मुलाला उजेडाकडे पाठ करून बसवावे, म्हणजे उजेड तबकडीवर पडतो. मात्र हा प्रयोग तत्त्व समजण्यापुरता आहे. वर्तुळे गोल दिसली म्हणून डोळा निर्दोष, असे कोणी समजू नये.

नुसते पाहून भागत नाही, मोजावे लागते. पटलाची वक्रता त्रिज्येने मोजतात आणि तिच्यावरून शक्ती काढतात. हिशेब सोपा आहे. ३३७.५ या आकड्याला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागले, की डायॉप्टरमध्ये शक्ती मिळते. त्रिज्या ७.८ असली तर शक्ती ४३.३ येते, आणि हे सर्वसाधारण डोळ्याचे माप झाले. त्रिज्या ७.० झाली, तर शक्ती ४८.२ वर जाते. एक मिलिमीटरही फरक नाही, पण शक्तीत पाचाची वाढ! हे माप घेणारे जुने यंत्र केरॅटोमीटर. त्याची अडचण अशी, की ते मधल्या तीनेक मिलिमीटरच्या वर्तुळावरचे मोजके बिंदूच मोजते, आणि शंकू बहुधा मध्याच्या खाली असतो. विहिरीच्या तोंडाशी दोरी सोडून तळाचा अंदाज करावा, तशातली ही गत.

म्हणून सबंध पटलाचे चित्र हवे. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९३८ साली वर्तुळांच्या छायाचित्रांवरून दाखवून दिले, की विकाराची इतर लक्षणे दिसण्याआधीच वर्तुळे बिघडू लागतात. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टीफन क्लाइस यांनी संगणकाकरवी या वर्तुळांतील हजारो बिंदू मोजून रंगीत नकाशा काढण्याची पद्धत बसवली. भूगोलाच्या नकाशात उंच प्रदेश तांबूस आणि सखल प्रदेश हिरवा दाखवतात ना, तसेच येथे. फक्त येथे रंग वक्रतेचा आहे: तांबडा म्हणजे अधिक वाकलेला भाग, निळा म्हणजे सपाट. निरोगी डोळ्यात वरचा आणि खालचा भाग साधारण सारखा असतो. खालच्या बाजूस एकटाच तांबडा डाग दिसला, की तज्ज्ञ सावध होतात. १९८९ साली रॅबिनोविट्झ आणि मॅक्डॉनेल यांनी त्यासाठी आकडे सुचवले. मध्यभागाची शक्ती ४७.२ डायॉप्टरहून अधिक असली, किंवा खालचा भाग वरच्यापेक्षा १.४ डायॉप्टरहून अधिक वाकलेला असला, तर संशय घ्यावा.

एकच आकडा धरून चालत नाही, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ४,६६७ लोकांचे डोळे तपासले गेले, आणि २००९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा अधिक म्हणजे विकार, असे धरले तर शंभरात २.३ लोक सापडले. रेघ ४९ वर नेली तेव्हा ०.६, आणि ५० वर नेली तेव्हा ०.१ उरले. म्हणजे शक्तीचा आकडा धोक्याची घंटा वाजवतो, पण निवाडा आकारावरूनच करावा लागतो.

आकारालाही दोन बाजू असतात. ऑस्ट्रियाच्या लष्करातील थिओडोर शाइमफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे करण्यासाठी कॅमेरा तिरका धरण्याची रीत शोधली. आज त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे डोळ्याचे नकाशे काढतात. ती पटलाचा उभा छेद टिपतात. त्यामुळे मागची बाजू, जाडी आणि सर्वांत पातळ जागा कळते. पुढची बाजू ठीक दिसत असताना मागची फुगू लागलेली असेल, तर तेही लक्षात येते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आता हा विकार थांबवता येतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉक्टरांनी २००३ साली एका उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पटलावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पटलाच्या तंतूंमध्ये जादा सांधे तयार होतात आणि ते घट्ट बनते. बहुतेकांत विकाराची वाढ थांबते. पण गेलेली नजर पुरती परत येत नाही, आणि पटल फार पातळ झाले असेल तर नेहमीच्या पद्धतीने हा उपचार करता येत नाही. मग उरतात कडक कॉन्टॅक्ट लेन्स, आणि शेवटी नेत्रदानातून मिळालेल्या पटलाचे रोपण. ज्याचे माप लवकर झाले, त्याची नजर वाचली, असा हा मामला आहे.

नकाशाची यंत्रे गावोगाव नाहीत. ती मोठ्या नेत्ररुग्णालयांत आहेत. पण संशय घेण्यास यंत्र लागत नाही. नंबर तपासताना डोळ्यात सोडलेल्या उजेडाची हालचाल कात्रीच्या पात्यांसारखी दिसली, तर जाणता तपासनीस तेथेच सावध होतो. आणि त्याच्याही आधी सावध होण्याजोगे कोणी असेल, तर ते गुरुजी आणि आईबाप. वर्षात दोनदा नंबर बदलला, चष्मा असूनही नीट दिसत नाही, मूल सतत डोळे चोळते, किंवा घरात कोणाला हा विकार आहे, यांपैकी काही आढळले तर चष्म्याच्या दुकानावर न थांबता नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि “पटलाचा नकाशा काढावा लागेल का?” असे स्पष्ट विचारावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी काढून ठेवाव्या, नाहीतर माप चुकते. एका नकाशाने समाधान मानू नये. काही महिन्यांनी दुसरा काढून पहिल्याशी ताडून पाहावा, म्हणजे वाढ आहे की नाही ते कळते. चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी तर या नकाशावाचून पुढे पाऊल टाकूच नये, कारण अशा पटलावर लेसर चालवले तर ते आणखी दुबळे होते.

आणि मुलांचे डोळे चोळणे थांबवावे. खाज येत असेल तर खाजेवर औषध आहे. चोळण्याने विकार बळावतो, आणि हात आवरण्याला पैसा पडत नाही.