पेशीतला गुंता कोण सोडवतो?
शिलाई मशीनमध्ये दोरा गुंतला की आपण मशीन थांबवतो, गुंता काढतो, खराब तुकडा टाकून देतो. आपल्या शरीरातल्या पेशीही असेच करतात.

रायबोझोम आरएनएवरचा संदेश वाचत प्रथिने बनवते. संदेश मध्येच तुटलेला असला तर ते अडकते. मागून येणारी रायबोझोमही तिथेच खोळंबतात. मग पेलोटा हे प्रथिन साथीदारांसह त्याचे दोन भाग सुटे करते. ते पुन्हा कामी येतात. अर्धवट प्रथिनावर लिस्टेरिन खूण लावते आणि पेशी ते मोडून टाकते.

लिस्टेरिनमध्ये दोष असलेल्या उंदरांच्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात, हे २००९ मध्ये दिसून आले. आम्हाला वाटते, नवे घडवण्याइतकीच बिघडलेल्याची वेळीच आवराआवरही जीवनाला आवश्यक आहे.