हरलेल्या डावाचा हिशेब



पत्त्यांच्या डावावर व्याख्यान म्हटल्यावर काही भुवया उंचावल्या असतील. म्हणून आधीच सांगतो, हा डाव चिंचोक्यांचा होता. द्यूतापायी घरे कशी बुडतात हे धर्मराजाच्या कथेपासून आपण जाणतो. त्याची भलामण आम्हांस करावयाची नाही. परंतु हरलेल्या डावातून माणसाला स्वतःविषयी जे कळते, ते जिंकलेल्या दहा डावांतून कळत नाही, एवढ्यासाठी हा विषय घेतला.

दिवाळीत नगरला आमच्या घरी तीन पत्ती चालली होती. खेळ बहुतेकांना ठाऊक आहे. तीन सारखी पाने सर्वांत श्रेष्ठ. त्याखाली एकाच रंगाची क्रमवार पाने, मग भिन्न रंगांची क्रमवार पाने, मग नुसता एक रंग, मग जोडी. पाने न पाहता खेळणारा ‘आंधळा’. त्याने एक चिंचोका लावला तर पाहून खेळणाऱ्याने दोन लावायचे. आंधळ्याकडे ‘शो’ मागता येत नाही.

शेवटी आम्ही आणि आमचे मेहुणे असे दोघेच उरलो. मेहुणे शेतकरी, पारनेरकडचे. घरात त्यांचा लौकिक ‘लहरी’ असा. ते आंधळेच खेळत होते. आमच्या हातात इस्पिकचा राजा, बदामचा राजा आणि चौकटची सत्ती. मध्ये साठ चिंचोके जमले होते. इतक्यात मेहुण्यांनी पाने उचलून पाहिली आणि आठ लावले. आम्ही सोळा लावले. त्यांनी बत्तीस केले. आम्ही बत्तीस टाकून शो मागितला. त्यांनी चव्वी, पंजी, छक्की मांडली. क्रमवार पाने, आम्ही हरलो. “आंधळ्या माणसाला लॉटरी लागली,” असे आम्ही सर्वांदेखत म्हणालो. मेहुणे हसले नाहीत.

रात्री झोप येईना, म्हणून कागद घेऊन बसलो. आमची तीन पाने वजा केली की उरलेल्या एकोणपन्नास पानांतून तीन पाने १८,४२४ प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी आमच्या राजांना हरवणारे प्रकार अवघे १,९००. म्हणजे मेहुणे आंधळे होते तोवर शंभरात जवळजवळ नव्वद वेळा डाव आमचा होता. येथवर आमचे काही चुकले नाही.

पण त्यांनी पाने पाहिली त्या क्षणी हा हिशेब शिळा झाला. पाहून चाल करणारा माणूस वाटेल त्या पानांवर चाल करीत नाही. समजा, ते जोडी किंवा त्याहून चांगल्या पानांवरच पुढे जातात. असे प्रकार ४,७६१ भरतात, आणि त्यांत आम्ही शंभरात साठ वेळाच जिंकतो. तरीही त्या वेळी आठ देऊन शो मागणे अगदी योग्य होते. मध्ये अडुसष्ट होते. आठ देऊन ते मिळवायचे तर शंभरात अकरा वेळा जिंकले तरी पुरे.

आम्ही मात्र दुप्पट केले. दुप्पट केल्यावर काय होते? कमकुवत पानांचा माणूस पाने टाकतो आणि भक्कम पानांचा थांबतो. ज्याच्याकडून मिळायचे तो जातो, ज्याला द्यायचे तो उरतो. आणि त्याने उलट बत्तीस केल्यावर शो मागायला शंभरात बावीस वेळा तरी जिंकण्याची खात्री हवी होती. ती आमच्यापाशी कोठे होती? जे उत्तर आठ चिंचोक्यांत मिळत होते, त्यासाठी आम्ही अठ्ठेचाळीस मोजले.

यावर आमचा बचाव एकच: मेहुणे लहरी, ते काय करतील याचा नेम नाही. सकाळी तो ऐकून मेहुणे शांतपणे म्हणाले, “दाजी, आंधळा असताना मी वेड्यासारखा खेळतो. पण पाने पाहिल्यावर कधी वेड्यासारखा खेळलो, ते सांगा.” आम्हांला एकही डाव सांगता येईना. कच्च्या पानांवर ते हरले ते डाव हशा पिकल्याने लक्षात होते. पाने पाहून मुकाट्याने खाली ठेवलेले डाव कोणीच मोजले नव्हते.

प्रतिपक्षास ‘बेभरवशाचा’ म्हणणे हा पुष्कळदा आपल्याच आळसाचा निर्वाळा असतो. याचे मोठे उदाहरण आपल्या उंबऱ्यापाशी आहे. १६२४ साली भातवडीस मोगल आणि आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजा मलिक अंबरापुढे हरल्या. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळावर चिखल केला आणि रात्रीचे छापे घालून त्यांना हैराण केले. पण उघड मैदान टाळायचे, रसद तोडायची, भूमीलाच आपल्या बाजूने लढायला लावायचे, ही अंबराची रीत मोगलांना वर्षानुवर्षे परिचयाची होती. त्याचा एखादा डाव कळला नसेल. रीत कळण्याजोगी होती.

गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९२८ च्या निबंधात आणि पुढे १९४४ साली मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार शास्त्राच्या पायरीवर नेला. त्या ग्रंथात पोकर या पत्त्यांच्या खेळाचे स्वतंत्र विवेचन आहे. जो केवळ उत्तम पानांवरच लावतो त्याला कोणी काही देत नाही. म्हणून मधूनमधून कच्च्या पानांवरही हुलकावणी द्यावी, आणि ती केव्हा, हे समोरच्यास कळू देऊ नये. अशा वेळी नेम नसणे हाच नेम असतो. नलराजाही पुष्कराकडून हरला, तो नशिबाला बोल लावून सावरला नाही. ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकला तेव्हा सावरला.

आता मेहुण्यांच्या लौकिकाविषयी. एके वर्षी त्यांनी कांदा चाळीत ठेवला आणि भाव पडला. तेव्हापासून ते लहरी ठरले. परवा आम्ही प्रथमच नीट विचारले. ते दरवर्षी निम्मा कांदा काढणीलाच विकतात, बियाण्याचे व खताचे देणे भागवतात, आणि उरलेलाच चाळीत ठेवतात. त्या वर्षीही तसेच केले होते. पडलेला भाव सर्वांनी पाहिला. आधी विकलेला निम्मा कोणी मोजला नाही. पर्जन्यछायेच्या या जिल्ह्यात पाऊस आणि बाजार हे दोन भिडू पाने न दाखवता खेळतात. त्यांच्याशी शहाणपणाने खेळूनही माणूस हरतो. त्याला मूर्ख म्हणण्यापूर्वी, निर्णय घेताना त्याच्या हातात कोणती पाने होती, हे विचारावे.

मेहुण्यांची आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, “ते राहू द्या, अठ्ठेचाळीस चिंचोके मात्र परत मिळणार नाहीत.”