तक्रार निकाली, धूर चालू

आमच्या गल्लीच्या टोकाला रोज रात्री कोणीतरी कचरा पेटवायचं. फोटो काढून अ‍ॅपवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, 'तक्रार निकाली.' त्या रात्रीही खिडक्या लावूनच झोपलो. पुन्हा तक्रार केली, तर नवा क्रमांक मिळाला. जुन्या तक्रारीचं काय झालं, हे विचारायची सोय त्यात नव्हतीच. 'स्मार्ट' कारभाराबद्दलचे असेच काही गैरसमज पाहू.

गैरसमज : स्मार्ट सिटी म्हणजे अख्खं शहर.
केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान 25 जून 2015 रोजी सुरू झालं आणि 31 मार्च 2025 रोजी संपलं. जुनी वस्ती सुधारायची असेल, तर अट 500 एकरांहून मोठ्या पट्ट्याची होती. पुण्यानं औंध-बाणेर-बालेवाडी निवडलं. पुण्यातल्याच कात्रजला राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध आला तो सिग्नल, बस असल्या शहरभरच्या योजनांपुरता. शिवाय कारभार पाहायला वेगळी कंपनी काढली, राज्य सरकार आणि महापालिका यांच्या समान भागीदारीची. निर्णय तिच्या संचालक मंडळात व्हायचे, आणि तिथे प्रेक्षक गॅलरी नसते.

गैरसमज : ऑनलाइन मत नोंदवलं की लोकसहभाग झाला.
मत घेणं वेगळं, हक्क देणं वेगळं. पुणे महापालिकेनं 2006 च्या सुमारास नागरिकांच्या सूचनेनुसार अंदाजपत्रकात कामं घ्यायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा : इथे पदपथ करा, तिथे दिवा लावा. कामं लहानच, पण त्यांच्यापुढे रुपयांचा आकडा पडतो आणि पुढच्या वर्षी त्याचा जाब विचारता येतो. लाइकचा जाब कोणाला विचारणार? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. अ‍ॅप मात्र या काळातही चालूच होतं! त्याला लोकशाही म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

गैरसमज : जाहीर नोटीस संकेतस्थळावर टाकली की झालं.
वृक्षतोडीपुरता आपल्या राज्याचा झाडांविषयीचा 1975 चा कायदा जास्त शहाणा आहे. तो नोटीस झाडावरच लावायला सांगतो आणि हरकतीसाठी सात दिवस देतो. भाजी घेऊन परतणारी बाई ती उभ्या उभ्या वाचते. संकेतस्थळावरची पीडीएफ ती कधी उघडणार?

गैरसमज : कारभार ऑनलाइन होऊन कागद वाचला, म्हणजे पर्यावरण वाचलं.
सर्व्हर विजेवरच चालतात. आणि अ‍ॅप आलं तरी पुण्यात दारोदारचा बराचसा ओला-सुका कचरा अजूनही 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायाच निवडतात, हातानं.

महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. तुमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावरचा शेवटचा अहवाल कुठल्या वर्षाचा आहे, तेवढं आज बघा. जुना निघाला, तर नव्याची मागणी लेखी करा आणि पोचपावती घ्या.