समुद्रातला स्पंज आणि आपली टीबीची गोळी

टीबीचं नवं औषध समुद्रात शोधतात, असं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आहेत त्या गोळ्यांना काय झालं?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आजच्या गोळ्या चांगल्याच आहेत. जिच्यामुळे लघवी लालसर होते ती रिफॅम्पिसिन मातीतल्या जिवाणूपासून मिळाली. १९४३ साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिनही मातीतलंच. पण गोळ्या मध्येच सोडल्या, की उरलेले चिवट जंतू त्या औषधांना दाद देत नाहीत. असा टीबी खोकल्यातून घरातल्यांनाही लागतो. म्हणून नव्या औषधाचा शोध चालू आहे.

स्पंज हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा प्राणी. त्याला ना पाय, ना दात. पळता येत नाही, म्हणून तो विषारी द्रव्यांनी स्वतःला वाचवतो. यातली काही द्रव्यं त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात. शास्त्रज्ञ स्पंजाचा अर्क काढतात, तो टीबीच्या जंतूंवर घालून पाहतात. हे जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे एकेका तपासणीला आठवडे लागतात. जंतू मेले तरी ते द्रव्य माणसाला बाधणार नाही ना, हे पाहायला पुढे कित्येक वर्षं जातात.

गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे समुद्री जिवांमधल्या अशा द्रव्यांचा अभ्यास होतो. जपानमधल्या ओकिनावाच्या स्पंजात १९८६ साली मॅन्झामाइन हे द्रव्य सापडलं. प्रयोगशाळेत त्याने टीबीचे जंतू रोखले, पण त्याची गोळी अजून झालेली नाही. स्पंजातल्या द्रव्यांवरून रक्ताच्या कर्करोगाचं सायटाराबिन मात्र बनलं, ते आजही वापरतात. म्हणजे ही आशा खोटी नाही, पण वाट लांबची आहे.

तोवर आपल्या हातात काय? साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करणं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि गोळ्या तिथेच तुटतात. निघण्याआधी आशाताईंना सांगा. नाव निक्षयमध्ये नोंदलेलं असतं, त्यामुळे नव्या गावच्या सरकारी दवाखान्यातही औषध फुकट मिळतं. दोन महिन्यांत बरं वाटू लागतं, तेव्हाच जास्त जपायचं. बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.