औट्रम घाट ते इंद्रावती

वाळूजहून शहर ओलांडून कन्नडचा रस्ता धरला की पुढे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट लागतो. या घाटाला आणि भोवतीच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याला नाव मिळालं ते जेम्स औट्रम या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यावरून. सशस्त्र बंड आणि वाघ यांचं नातं समजून घ्यायचं तर आपल्या जिल्ह्यातल्या याच नावापासून सुरुवात करायला हवी.

१८०३ साली होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या आणि पाठोपाठ दुष्काळ आला. गावं ओस पडली, शेतांवर रान चढलं आणि त्या रानात वाघ वाढले. १८१८ मध्ये पेशवाई बुडून मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा सातमाळा-सातपुड्यातले भिल्ल बंडात होते. पलटणी पाठवून ते आवरेनात. मग १८२५ मध्ये औट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो मुख्यतः शिकारीतून. १८२५ ते १८३४ या काळात खानदेशात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यांपैकी १९१ वाघ पडले तेव्हा तो स्वतः हजर होता. २०२२ च्या गणनेत सगळ्या महाराष्ट्रात मिळून ४४४ वाघ आढळले, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कत्तलीचा अंदाज येतो. म्हणजे खानदेशात युद्धाने वाघ वाढवले आणि शांततेने ते संपवले. शांतता आली तशी बंदूक आली, बक्षीस आलं, नांगर आला.

गडचिरोलीत मात्र घडलं ते उलट. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गोदावरी-प्राणहिता ओलांडून आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात या गटाचा पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने पडला. पुढची चार दशकं हल्ले आणि चकमकी आपण बातम्यांतून वाचत आलो : २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी, २०१८ मध्ये कसनासूर, २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभूळखेड्याचा स्फोट, २०२१ मध्ये मर्दिनटोला. दोन्हीकडच्या बंदुकांमध्ये इथला माडिया-गोंड आदिवासी माणूस भरडला गेला. हे आधी म्हटलं पाहिजे. वाघाचा हिशेब त्यानंतरचा.

पण तो हिशेबही मोठा आहे. नक्षलवाद्यांच्या धाकाने जंगल वाचलं, असं शहरात बसून अनेकजण म्हणतात. झाडांपुरतं काही ठिकाणी ते खरं असेल, वाघाच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. इंद्रावती नदीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बिजापुरात, १९८३ पासून इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे. क्षेत्र सुमारे २,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गौताळ्याच्या दहापटीहून मोठं. इतक्या रानात अलीकडच्या गणनांमध्ये वाघ सापडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कित्येक वर्षं तर धड गणनाच करता आली नाही. वनरक्षक आत जाणार कसा? नाकी ओस, डेपो जाळलेले, कॅमेरा लावला तरी तो कुणाच्या पाळतीसाठी लावला हा संशय. गस्त थांबली की फासे, भरमार बंदुका आणि बाहेरचे तस्कर यांना रान मोकळं होतं. आधी चितळ, सांबर, रानडुक्कर जातात, त्यांच्यामागून वाघ. बिबट्या लहानसहान भक्ष्यावर, प्रसंगी कुत्र्यांवरही, तग धरतो. वाघाला ते जमत नाही.

व्याघ्रतज्ज्ञ यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २००६ ते २०१८ या काळात भारतात वाघाचा वावर असलेलं क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, पण सशस्त्र संघर्षाच्या पट्ट्यांत तो नाहीसा होण्याचा धोका जास्त राहिला, असं त्यांना दिसलं. संघर्ष ओसरलेल्या नागार्जुनसागर-श्रीशैलम आणि अमराबाद या व्याघ्र प्रकल्पांमध्ये तो सावरला. आफ्रिकेतल्या अभयारण्यांवरचा २०१८ चा एक अभ्यास हेच सांगतो : लढाई किती भीषण, यापेक्षा ती किती वारंवार होते यावर मोठ्या तृणभक्षकांचं भवितव्य ठरतं. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवीत नव्वद टक्क्यांहून अधिक मोठे तृणभक्षक गेले आणि रानकुत्रे पार नाहीसे झाले. २०१८ मध्ये ते बाहेरून आणून सोडावे लागले. आसामच्या मानस राष्ट्रीय उद्यानात बोडो आंदोलनाच्या काळात गेंडे संपले आणि १९९२ मध्ये हे उद्यान धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत गेलं. २०११ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं, याचं मोठं श्रेय जंगल राखायला पुढे आलेल्या स्थानिक तरुणांना आहे.

आता गडचिरोलीच्या नकाशावर परत या. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात वाघ आले, पण ते उत्तरेला : देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली या तालुक्यांत. ब्रह्मपुरीच्या बाजूने, वैनगंगा ओलांडून. तिथे त्यांनी माणसंही मारली. ‘सीटी-१’ या एकट्या वाघाच्या नावावर १३ बळी होते, २०२२ च्या ऑक्टोबरात त्याला पकडलं. दक्षिणेचं भामरागड, एटापल्ली हे त्याहून घनदाट रान मात्र वाघाच्या दृष्टीने बहुतांशी रितंच. वाघ चालत येतो, यात शंका नाही. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०२१ मध्ये आपल्या गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला. पण टिकायला त्याला भक्ष्य लागतं.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. इथला संघर्ष संपत आला आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र याच जिल्ह्यात सुरजागडची लोहखाण २०२१ पासून पुन्हा सुरू झाली आहे आणि वाट मोकळी झाली की आणखी खाणी रांगेत आहेत. आमची वाळूजची औद्योगिक वसाहत लोखंडावरच जगते, त्यामुळे खाणीला सरसकट नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही. क्रम तरी नीट असावा, एवढं मागण्याचा आहे.

शासनाने दक्षिण गडचिरोलीत नव्या खाणीची परवानगी देण्यापूर्वी भामरागड, एटापल्ली, अहेरीच्या जंगलाची पहिली संपूर्ण वन्यजीव गणना करावी. ती माडिया तरुणांना पगारावर घेऊन करावी, वनरक्षकांची पदं भरावीत आणि ग्रामसभांच्या हाती सामूहिक वनहक्काची जंगलं खऱ्या अर्थाने द्यावीत. या मागणीसाठी आपल्या आमदारांना, खासदारांना पत्र लिहा.